कुणी, केव्हा, का

आमच्या ऑफिसातल्या ट्यूबलाइटवर मार्करनं तारीख लिहिलेली होती. नुसती तारीख नव्हे, बदलणाऱ्याचं नाव आणि कारणसुद्धा. ‘कारण : लुकलुक.’ नोकरीच्या पहिल्या दिवशी मी मान वर करून ते वाचत उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“वाचलंत का? आता सांगा, ही ट्यूब कुणी बदलली, केव्हा बदलली, का बदलली?”

मी सांगितलं.

“बघा, तुमी काल हितं नव्हता, तरी तुमाला ठाऊक हाय. मग काम जमेल तुमाला.”

अशी सरांची आणि माझी ओळख झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. सूत रंगवण्यापासून टॉवेलच्या घडीपर्यंत सगळं तिथंच व्हायचं. त्यात कॉम्प्युटरचं खातं म्हणजे एक खोली, एक गळका एसी, सर आणि मी. मी केम गावाहून आलेली, नुकती इंजिनिअर झालेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी ठाम समजूत असलेली. सरांच्या हाताखाली ती समजूत महिनाभरही टिकली नाही.

सर पन्नाशी ओलांडलेले, भवानी पेठेतल्या विणकरांच्या घरातले. एका मिलमध्ये ते स्टोअरकीपर होते. मिल बंद पडल्यावर चाळिशीत क्लास लावून कॉम्प्युटर शिकले. क्लासात सगळी पोरं त्यांना काका म्हणायची आणि पेपरच्या आधी त्यांचीच वही मागायची. मिल गेली, पण स्टोअरकीपर काही त्यांच्यातून गेला नाही. खोलीतली एक वस्तू हलवली तरी त्यांना कळायचं. ओरडायचे नाहीत. शांतपणे येऊन विचारायचे, “काय हो मॅडम, हे कुणी हलवलं?” शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो. अहो-जाहोनं इतकं छळता येतं हे मला तिथंच समजलं.

‘आपोआप’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. “सर, प्रिंटर आपोआप बंद पडला,” असं मी एकदा म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि म्हणाले, “आपोआप फक्त केस पिकतात, मॅडम. बाकी सगळ्याला कुणी तरी असतंय.” मग आम्ही तासभर शोधलं. इस्त्रीवाल्या विभागानं त्याच लाइनीवर नवीन पंखा जोडला होता. पंख्यावर तारीख आणि कारण लिहूनच सर जागेवर परत आले.

त्यांच्या घरी एकदा जेवायला गेले तेव्हा कळलं की हा छळ घरापासूनच सुरू होतो. लोणच्याच्या बरणीवर पट्टी होती : ‘मीठ वाढवलं. कारण : सासूबाई.’ छत्रीच्या मुठीवर दोन तारखा. त्यांच्या बायकोनं मला वाढता वाढता सांगितलं, “लग्नात मंगळसूत्रावर तारीख लिहिली नाही एवढंच नशीब बघा.” मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तेलुगूतल्या ‘अहो’नं हाक आली, “एमंडी, गॅसची टाकी बदलली, लिहा या!” आणि सर खरोखरच जेवणावरून उठून मार्कर घेऊन आत गेले. मी हसले. त्या बाहेर येत म्हणाल्या, “हसा. पण ह्या घरात तीस वर्षांत कुणावर खोटा आळ आला न्हाय की.”

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं.

आता आमच्या बोर्डाबद्दल सांगायला हवं. डाईंग खात्यात, म्हणजे जिथं सूत रंगतं तिथं, भिंतीवर एक मोठा पडदा होता. सहा मशीनचं तापमान, बॉयलरचा दाब, पाण्याची पातळी, सगळं त्यावर रेघांनी दिसायचं. प्रत्येक रेघेला एक मर्यादा ठरवलेली. रंगाच्या मशीनचं तापमान पंचावन्नच्या खाली गेलं की चौकट लाल होणार, भोंगा वाजणार आणि सरांच्या फोनवर निरोप येणार. हे सगळं सरांनी आणि मी मिळून उभं केलेलं. बोर्ड येण्याआधी डाईंग खातं मेहबूबभाईंच्या हातावर चालायचं. ते अठरा वर्षं तिथं होते. पाइपला तळवा लावून, वाफेकडं बघून ते तापमान सांगत आणि सहसा चुकत नसत. पण ‘सहसा’ हा शब्द सरांना ‘आपोआप’इतकाच नावडता. “मेहबूबभाई, आता अंदाज नको. सहा मशीन हायत. बोर्ड लाल झाला तरच धावायचं.” मेहबूबभाई म्हणाले, “हौ साहेब, तुमी म्हणता तसं.” आणि त्यांनी खरंच तसं केलं.

बोर्डाची एक गोम होती. त्यावरच्या मर्यादा कुणीही माऊसनं किंवा आपल्या फोनवरून बदलू शकायचं, आणि बोर्ड फक्त आत्ताची मर्यादा दाखवायचा. काल ती किती होती, ती कुणी बदलली, याचा पत्ता नाही. सरांना हे रात्रंदिवस सलायचं. “हा बोर्ड म्हणजे पाटी हाय हो मॅडम. पुसली की गेलं. मला वही पायजे.”

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे अशी वही असते. तिला आम्ही रेपो म्हणतो. फायलीतला प्रत्येक बदल तिथं नोंदला जातो, करणाऱ्याच्या नावासकट आणि वेळेसकट, आणि कारण लिहायला एक ओळ असते. मी सरांना ती पहिल्यांदा उघडून दाखवली तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या नोंदी वाचल्या. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हे कुणी तरी आमच्यासाठीच केलंय की.” त्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागं धोशा लावला : बोर्ड वहीला जोडा. मर्यादा वहीत लिहायची आणि बोर्डानं ती तिथून वाचायची. बोर्डावर कुणी हात लावायचाच नाही.

काम मी दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात बोर्ड नुसता वहीकडं सांगणार : अमक्यानं अमकी मर्यादा बदलली. दुसऱ्या टप्प्यात वहीत असेल तेच बोर्डावर जाणार. चाचणी बाजूला, वेगळ्या शाखेत चालली होती. म्हणजे वहीचीच एक कच्ची प्रत म्हणा. ती पक्कीत मिसळेपर्यंत कुणी वाचणार नव्हतं, मीसुद्धा नाही. मधल्या काळासाठी सरांनी साधं रजिस्टर ठेवलं होतं. मर्यादा बदलायची तर आधी त्यात लिहायचं. न लिहिता बदलणाऱ्याला सर शेजारी बसवून चहा पाजत आणि रजिस्टरचं महत्त्व समजावून सांगत. लोकांना चहापेक्षा शिवी परवडली असती.

नारळी पौर्णिमेला आमचा कारखाना बंद असतो. मार्कंडेयाची, म्हणजे विणकर समाजाच्या मूळपुरुषाची, मिरवणूक निघते, आणि आमच्याकडचे निम्मे लोक त्याच समाजातले. सकाळी बॉयलर विझवला, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू. सकाळच्या पाळीत निळ्या सुताचा मोठा लॉट लागला. दुपारी तो मशीनमधून काढला तर रंग कुठं गडद, कुठं फिका. सगळा लॉट वाया. तो परदेशी जायचा होता, त्यामुळे संध्याकाळी मालक स्वतः खाली आले.

मी आणि सर तिथंच होतो. मालकांनी बोर्ड बघितला. सकाळच्या रेघेत तापमान एक्केचाळीसपर्यंत घसरलेलं स्पष्ट दिसत होतं. वाफेचा व्हॉल्व्ह सकाळी तासभर अडकला होता.

“मेहबूब, बोर्ड लाल झाला तेव्हा तू कुठं होतास?”

“हितंच होतो मालक. लाल झालाच न्हाय. भोंगा बी वाजला न्हाय.”

“मर्यादा किती आहे?” मालकांनी सरांना विचारलं.

सरांनी बोर्डाकडं बघितलं. “पंचावन्न.”

“मग एक्केचाळीसला लाल होईल की नाही?”

“होणारच.”

“साहेब, अल्ला कसम, हिरवा होता,” मेहबूबभाई म्हणाले. “पाइप गार लागला मला. मी वर बघितलं, हिरवा होता. म्हणून दुसऱ्या मशीनवर गेलो.”

सरांनी पडद्यावरचा आकडा बोटानं दाखवला. मग म्हणाले, “मेहबूबभाई, तुमी खोटं बोलता असं मी म्हणत न्हाय. पण मर्यादा पंचावन्न हाय. बोर्ड चुकत न्हाय.”

मालकांनी चाळीस माणसांसमोर मेहबूबभाईंना घरी जायला सांगितलं. हिशेब नंतर करू, म्हणाले. मेहबूबभाईंनी डब्याची पिशवी उचलली. जाताना त्यांनी पुन्हा एकदा बोर्डाकडं बघितलं. रागानं नाही, अगदी बारकाईनं बघितलं.

त्यानंतर सहा दिवस सर नीट जेवले नाहीत. डबा उघडायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि बसून राहायचे. “फोनवर निरोप का आला न्हाय मला?” हे ते दहादा म्हणाले. नेटवर्क तपासलं, सेन्सर तपासला, भोंगा वाजवून बघितला. सगळं ठीक होतं.

सहाव्या दिवशी मी जोडणीचं काम संपवायला बसले. कच्ची शाखा पक्क्या वहीत मिसळायची होती आणि मिसळण्याआधी सगळ्या नोंदी वाचायच्या होत्या. नारळी पौर्णिमेच्या तारखेला एक नोंद होती. रंगाच्या मशीनची मर्यादा पंचावन्नवरून शून्य. करणाऱ्याचं नाव सरांचं. कारणाची ओळ कोरी. तिच्याखाली दुसऱ्या दिवशी दुपारची नोंद होती. मर्यादा शून्यावरून पंचावन्न. करणाऱ्याचं नाव माझं.

त्या दुपारी मी दुसऱ्या टप्प्याची चाचणी केली होती. वहीतली जुनी पंचावन्न बोर्डावर पाठवून बघितली आणि ती गेली म्हणून खूश होऊन चहाला गेले. म्हणजे सकाळभर मर्यादा शून्य होती. एक्केचाळीस काय, पंधरा झाले असते तरी बोर्ड हिरवाच राहिला असता. आणि मालक येण्याआधी मीच, नकळत, ती चूक झाकून ठेवली होती.

मला सर फार आवडायचे, हे सरळच सांगते. वडिलांनंतर मला कुणी शिकवलं असेल तर त्यांनीच. म्हणून मी सरांना बोलावलं तेव्हा नोंद दाखवण्याआधीच तोडगा तयार ठेवला होता.

सरांनी नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग हळू खुर्चीत बसले.

“मिरवणुकीत होतो,” ते म्हणाले. “बॉयलर थंड झाला म्हणून दर पाच मिनिटाला फोन कोकलत होता. मेव्हणा हाताला धरून ओढायला लागला, चला म्हणून. एका हातानं फोनवरच मर्यादा शून्य केली. म्हणलं, घरी गेल्यावर लिहू रजिस्टरात.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “विसरलो की हो मॅडम.”

“सर,” मी म्हणाले, “ही शाखा अजून कुणी पाहिली नाही. नोंद काढून टाकता येते, मला येतं ते. मालकांना सांगू, सेन्सर बिघडला होता. मेहबूबभाई परत येतील, तुमचंही नाव येणार नाही.”

सरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मला वाटलं आता चहा मागवतात.

“आणि सेन्सरवर आळ आला त्याचं काय?” ते म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं. ते मात्र गंभीर होते. “मी इतकी वर्षं लोकांची डोकी खाल्ली ना? ती फुकट खाल्ली असं करू नका. छापा ते पान.”

तो कागद घेऊन ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले, कारण दुसरी नोंद माझी होती. मालकांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. “चूक होते हो. पण एवढं छापून कशाला आणलंत? मेहबूबला मी उद्या फोन करतो. विषय संपला.”

“फोन नको मालक,” सर म्हणाले. “ज्या चाळीस लोकांसमोर त्यांना घालवलंत, त्यांच्यासमोर हे वाचायचं. मीच वाचतो. फक्त परवानगी द्या.”

“तुम्हाला नव्या युनिटच्या कॉम्प्युटरचं सगळं काम द्यायचं चाललंय. लोकांसमोर असं वाचल्यावर मी ते कोणत्या तोंडानं देऊ?”

“मग नका देऊ की,” सर म्हणाले.

नवं युनिट त्यांना मिळालं नाही. पुढं त्यांनी त्याचा उल्लेखही कधी केला नाही. पण त्या संध्याकाळी डाईंग खात्यात सगळ्यांना गोळा करून त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. तारीख, वेळ, पंचावन्नचं शून्य, स्वतःचं पूर्ण नाव. कारणाच्या ओळीशी आले तेव्हा थांबले आणि म्हणाले, “हितं काहीच लिहिलेलं न्हाय. कारण मी लिहिलं न्हाय.” कुणी हसलं नाही. मग माझी नोंद मी वाचली.

तिथूनच आम्ही मेहबूबभाईंच्या घरी गेलो, सरांच्या स्कूटरवर. मेहबूबभाई ओट्यावर बसले होते. सरांना बघून उठून उभे राहिले. सरांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, हात जोडून. मेहबूबभाई ऐकत होते. त्यांची बायको दाराच्या आत ऐकत होती.

“म्हणजे हिरवा होता?” मेहबूबभाईंनी विचारलं.

“हिरवाच होता.”

“पक्का?”

“पक्का. वहीत हाय.”

मेहबूबभाई खाली बसले. खिशातून त्यांनी एक चष्म्याची डबी काढली, उघडली, आणि नवा कोरा चष्मा सरांच्या हातात दिला. सरांना काही कळेना.

“तुमी म्हणलात बोर्ड चुकत न्हाय,” मेहबूबभाई म्हणाले. “मला वाटलं, मग डोळेच गेले असतील. लाल असंल, मलाच हिरवं दिसलं असंल. दवाखान्यात गेलो.”

“किती नंबर निघाला?”

“नंबर न्हाय साहेब. डॉक्टर बोलला, डोळे एकदम चांगले हायत. मीच बोललो, तरी बी बनवून द्या. साधी काच हाय ती.”

आतून त्यांची बायको म्हणाली, “रोज हिरवी-लाल बांगडी दाखवून विचारते मैं इनकू, ये कौनसा रंग है. सही बोलते. फिर बी पूछते, सच्ची ना?”

सर त्या ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना आधी कधी तसं पाहिलं नव्हतं. मेहबूबभाईंनाच त्यांच्या पाठीवर हात ठेवावा लागला. चहा आला, तो बशीतच गार झाला. मीही रडत होते, आणि मला स्वतःची लाज वाटत होती, कारण सेन्सरची गोष्ट मी रचली असती तर मेहबूबभाई कामावर परत आले असते खरे, पण स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा संशय कायमचा राहिला असता. सेन्सर बिघडला होता म्हटल्यावरही, रेघ एक्केचाळीसवर असताना आपल्याला दिसलेलं हिरवं खरं होतं की नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नसतं.

मेहबूबभाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आले. आठवडाभरात मी जोडणी पुरी केली. बोर्डावरची मर्यादा आता कुणालाच हातानं बदलता येत नाही, सरांनाही नाही. वहीत लिहायची, आणि दुसऱ्या माणसानं होकार दिल्याशिवाय ती बोर्डापर्यंत पोहोचत नाही. डाईंग खात्यापुरता तो होकार मेहबूबभाईंचा. माझी चूक वाचून दाखवल्याबद्दल मालक मला काही बोलले नाहीत. ती नोंद अजून तिथंच आहे, कोऱ्या ओळीसकट. मी कारखाना सोडताना शेवटच्या दिवशी ती उघडून बघितली होती.

पण सरांनी स्वतःसाठी लावून घेतलेला नेम त्या वहीत कुठं सापडणार नाही. सकाळी आल्यावर ते आधी खोलीत येत नसत. डाईंग खात्यात जाऊन, बोर्डाकडं पाठ करून मेहबूबभाईंना विचारत, “किती वाटतंय?” मेहबूबभाई पाइपला तळवा लावून आकडा सांगत. मग सर वळून बोर्ड बघत. एक-दोन अंशांचा फरक असे. दोघं खूश होऊन चहा घेत.

एकदा मी सोबत होते. मेहबूबभाई म्हणाले, “बावन्न वाटतंय.” सर वळले. बोर्डावर साठ. मेहबूबभाईंचा चेहरा उतरला आणि त्यांचा हात खिशातल्या चष्म्याकडं गेला.

“राहू द्या की,” सर म्हणाले, आणि त्यांनी सेन्सरवाल्याला फोन लावला.